लय कुणाची मिरास नाही



विहारात भीमगीते सुरू झाली की लहान मूलही ठेक्यावर टाळी देते. दोन टाळ्यांमधली अंतरे सारखी असली की ठेका एकास एक. पुढचे अंतर मागच्याच्या दुप्पट झाले की एकास दोन. असा ठेका फक्त माणसालाच जमतो, हा आपला समज.

तो समज दोन जीवांनी खोटा ठरवला आहे. एक आहे थ्रश नाइटिंगेल. आपण नाइटिंगेलला बुलबुल म्हणतो, पण बुलबुल वेगळा. हा लहानसा तपकिरी पक्षी पूर्व युरोपापासून पश्चिम आशियापर्यंत झाडीझुडपांत रात्री गातो. त्याच्या गाण्यात एकास एक ठेका असल्याचे २०२० साली संशोधकांनी दाखवले.

दुसरा इंद्री. हा मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील जंगलातला लेमूर, म्हणजे माकडांचा व आपला दूरचा नातलग. रंग काळा-पांढरा, शेपूट अगदी आखूड. नर, मादी, पिल्ले सारे कुटुंब मिळून गाते आणि आवाज दोन किलोमीटरवर जातो. इटलीतील तुरिन विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा वर्षे ही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांत एकास एक आणि एकास दोन असे दोन्ही ठेके सापडले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

पक्षी आणि लेमूर यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. म्हणजे लय ही कुणा एका कुळाची मिरास नाही. कला अमक्याच्याच रक्तात असते असे सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पण दोघांची स्थिती सारखी नाही. पक्षी विपुल आहे. इंद्री मात्र नामशेष होण्याच्या टोकाला आला आहे. भातशेतीसाठी, कोळशासाठी, लाकडासाठी त्याचे जंगल तुटते आहे. प्राणिसंग्रहालयात तो जगत नाही. जंगल गेले की गाणे संपले. झाड तोडणारा बहुधा गरीब शेतकरीच असतो. त्याला शिव्या देऊन जंगल वाचणार नाही, त्याच्या पोटाची सोय आधी झाली पाहिजे.

करुणा माणसांपुरती, पण मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, असे बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात समजावले आहे. या रविवारी मुलांना दोन्ही ठेके टाळ्यांनी वाजवून दाखवा, आणि त्या गाणाऱ्या कुटुंबाची गोष्टही सांगा.