विश्लेषण : रात्रीच्या जंगलात टॉर्च किती प्रखर हवा?

पावसाळा सुरू झाला की आंबोलीतल्या ‘नाइट वॉक’चे रील्स फीडमध्ये दिसू लागतात. त्यातल्या अनेकांत बेडकाच्या किंवा चापड्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर मोबाइलचा फ्लॅश असतो. गाइडबरोबर रात्रीचे जंगल पाहणे चांगलेच. त्यातून स्थानिक तरुणांना कामही मिळते. पण दिवा कोणता, कुठे आणि किती वेळ लावायचा, हे बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. ते तसे असू नये. का, ते समजून घ्यायला ऑस्ट्रेलियातल्या एका पठाराचे उदाहरण उपयोगी पडते.

कुठे आणि काय दिसते?

क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागात, केर्न्स शहराच्या नैऋत्येला अथर्टन पठार आहे. या भागातली वर्षावने ‘वेट ट्रॉपिक्स’ या नावाने 1988 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. अंधार पडल्यावर युंगाबुरा, मलांडा या गावांच्या आसपास गाइड पर्यटकांना घेऊन निघतात. दिसतात ते मुख्यतः पॉसम, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारे, झाडांवर राहणारे प्राणी. हिरव्या रिंगटेल पॉसमच्या अंगावर खरे तर हिरवा केस नसतो. काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या मिश्रणामुळे तो हिरवट दिसतो. दिवसा तो ढोलीत न जाता फांदीवरच अंगाचा गोळा करून झोपतो. लेम्युरॉइड पॉसम ढोलीत राहतो आणि रात्री या झाडावरून त्या झाडावर बिनधास्त झेपावतो. नशीब असेल तर लुमहोल्ट्झ ट्री-कांगारूही दिसतो. हो, झाडावर चढणारा कांगारू!

डोळे का चमकतात?

अनेक निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आलेला प्रकाश तो आल्या दिशेने परत पाठवतो, महामार्गावरच्या ‘कॅट-आय’सारखा. म्हणूनच टॉर्च कमरेजवळ धरला तर चमक दिसत नाही. तो स्वतःच्या डोळ्यांजवळ धरावा लागतो. जागा बरोबर असेल तर मंद टॉर्चही उंच फांदीवरचे डोळे शोधून देतो. प्रखर दिव्याने उलट आपलेच डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा पूर्ण सरावायला त्यांना 20 ते 30 मिनिटे लागतात.

एक गंमत म्हणजे आपण अजून टॉर्चची ताकद वॉटमध्ये विचारतो. ती हॅलोजनच्या काळातली सवय. तेवढ्याच वॉटमध्ये एलईडी साधारण पाचपट प्रकाश देतो. त्यामुळे खोक्यावर ल्युमेनचा आकडा पाहावा. शिवाय रात्री पाहणाऱ्या ‘रॉड’ पेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून चांगले गाइड प्राणी सापडला की टॉर्चवर लाल फिल्टर लावतात आणि झोत थेट तोंडावर न टाकता बाजूला ठेवतात.

उष्णतेशी याचा संबंध काय?

हे पॉसम डोंगरावरच्या थंड हवेला सरावलेले आहेत. तापमान सलग काही दिवस, रोज काही तास 30 अंशांच्या वर राहिले तर हिरव्या रिंगटेलच्या जिवावर बेतू शकते. 2005 च्या अखेरीस उष्णतेची लाट आली आणि त्यानंतर माउंट लुईसवरचे लेम्युरॉइडचे दुर्मीळ पांढरे रूप जवळपास दिसेनासे झाले. 2009 मध्ये मोजकेच पुन्हा सापडले. खाली गरम झाले की वर सरकायचे, पण हे प्राणी आधीच माथ्याजवळ राहतात.

अंग थंड ठेवायला त्यांना पाणी लागते आणि ते बरेचसे पानांतूनच मिळते. पाने खायची वेळ रात्रीची. त्याच वेळी डोळ्यांवर झोत आला की प्राणी खाणे थांबवतो, गोठल्यासारखा बसतो किंवा तोंड फिरवतो. एका गटाची पाच मिनिटे क्षुल्लक वाटतील. पण त्याच झाडाखाली एका रात्रीत चार गट आले तर? अर्थात पांढरे पॉसम कमी झाल्याचे कळले तेही रात्री टॉर्च घेऊन केलेल्या मोजणीतूनच. म्हणजे सरसकट बंदी हा उपाय नव्हे. मर्यादा हव्यात आणि त्या लेखी हव्यात.

आपल्याकडे काय?

पश्चिम घाटातली 39 ठिकाणे 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांत आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी येतात. आपल्या सह्याद्रीतही रात्री उदमांजर, साळिंदर, पिसोरी, उडणारी खार, क्वचित खवले मांजर बाहेर पडते. आज आंबोलीत आकर्षण बेडूक-सापांचे असले तरी सस्तन प्राण्यांसाठी वॉक सुरू व्हायला वेळ लागणार नाही. त्याआधीच वन विभाग आणि स्थानिक गाइडनी मिळून गटाचा आकार, दिव्याची ताकद आणि एका प्राण्यापाशी थांबायची वेळ ठरवून टाकावी.

तोवर बुकिंग करताना ‘नक्की दिसेल ना?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. गटात किती माणसे, लाल फिल्टर आहे का, फ्लॅश बंद ठेवायला लावता का, हे विचारा. ‘दिसेलच’ अशी हमी देणारा गाइड टाळलेला बरा. आणि खवले मांजर दिसलेच, तर फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. त्याच्या खवल्यांसाठी शिकार करणारेही मोबाइल वापरतात.