रविवार भांडून मिळवला, आपण तो फुकट घालवला

थोडं मोठं लिहितोय, पण वाचा.

काल रविवार. संध्याकाळी सातला घरात मी एकटा. बायको लोअर परळच्या मॉलमध्ये ड्युटीवर, तिची सुट्टी बुधवारी. मुलगा दादरला क्लासला. देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. हात सुटले, फोन उचलला. नंतर माझीच मला लाज वाटली.

आज जिथे मॉल उभे आहेत, तिथे गिरण्या होत्या. तिथल्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांचं निवेदन गेलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० रोजी. सहा वर्षं लागली राव!

रविवार खंडोबाचा वार. त्या दिवशी देवाचं करायचं, घरच्यांसोबत बसायचं. सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी, हीच त्यातली खरी गंमत होती.

आपल्या कोकणात बेने इस्रायली लोक तेलाचा धंदा करायचे. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायला लागलं. काम न करण्याच्या दिवसावरून ओळख! धंदा बुडाला नाही, घर मात्र टिकलं.

२०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते, हे खरं. पण कायदा माणसाला सुट्टी देतो, घराला नाही. तिची बुधवारी, त्याची शुक्रवारी, पोराची कधीच नाही.

हॉस्पिटल, बेस्ट, लोकल बंद ठेवा असं कुणीच म्हणणार नाही. पण दुकानदार आणि मॉलवाल्यांनी पाळीपाळीने महिन्यातून एक तरी रविवार प्रत्येकाला द्यावा. ही मागणी युनियनने, नगरसेवकांनी, आपण सगळ्यांनी लावून धरायला काय हरकत आहे?

तोपर्यंत घरात करता येईल ते करू. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. दिवेलागणीला सगळे फोन एका डब्यात. ज्याची जी प्रार्थना असेल ती करा, नसेल तर नुसते शांत बसा. आणि त्या दिवशी जेवण खिचडी-पापडाचं. नाहीतर सगळ्यांचा आराम आणि घरच्या बाईची डबल ड्युटी, असं नको.

आम्ही बुधवार ठरवलाय. मुलगा कुरकुरतोय, बघू.

तुमच्या घरात सगळे एकत्र शेवटचे कधी बसले होते? कमेंटमध्ये खरं खरं सांगा.