वाटा लपवून देश सुरक्षित होत नाही

हिमालयातल्या पायवाटांचे नकाशे आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. एक तुकडा वनखात्याकडे, एक पर्यटन खात्याच्या पत्रकात, एक कुणा ट्रेकरच्या मोबाईलमध्ये. हे जोडून सगळ्यांसाठी खुले करा म्हटलं की उत्तर येतं, 'सुरक्षेचा प्रश्न आहे.' हे उत्तर आम्हा गणवेशवाल्यांच्या नावावर दिलं जातं, म्हणून त्याचा प्रतिवादही आमच्यातल्याच कुणीतरी करायला हवा.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारनं नकाशांबाबतची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. काही संवेदनशील बाबी वगळता भारतीयांना नकाशे बनवायला आणि प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही. नियम बदलला, सवय बदलली नाही. शत्रूकडे उपग्रह आहेत. आपली पायवाट लपते ती फक्त पुण्याहून आलेल्या पोरांपासून.

सीमेलगतच्या वाटा आणि अभयारण्यांचे गाभे वगळा, माझी हरकत नाही. पण मेंढपाळ, यात्रेकरू आणि शाळकरी मुलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट गुपित कशी?

खरी मेख जोडणीत आहे. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावर दोन वाटा पडद्यावर टेकलेल्या दिसतात. पण दोघींत एक सामाईक बिंदू नोंदवलेला नसेल, तर मार्ग शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी त्या जोडलेल्याच नसतात. खिंडीवर हवा बिघडली, की माणसाला शिखराची वाट नको असते. बाजूनं खालच्या बुग्यालात, मेंढपाळांच्या तळाकडे उतरणारी वाट हवी असते. ती नकाशात तुटलेली असेल, तर तो आल्या वाटेनं परततो किंवा अंदाजानं ओढ्यात उतरतो. सह्याद्रीत ढोरवाटेला पायवाट समजून कड्यावर अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शोधपथकालाही नुसते अक्षांश-रेखांश पुरत नाहीत. त्या ठिकाणी पायी कुठून पोचायचं, हे कळावं लागतं.

'गर्दी होईल' हा दुसरा आक्षेप. गर्दी आजही आहेच, चार प्रसिद्ध वाटांवर. बाकीच्या वाटा दिसल्या, तर ती पांगेल आणि दोन पैसे आडबाजूच्या गावांतही जातील.

हे काम दिल्लीतल्या संगणकावर होणार नाही. मिलमच्या पंडित नैनसिंह रावतांनी १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ घेऊन, पावलं मोजत तिबेट नकाशावर आणला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. त्यांच्याच खोऱ्यांतल्या तरुणांना मोबदला देऊन वाटा नोंदवून घ्या. वाटेचं नाव गावकरी म्हणतात तेच ठेवा. पावसाळ्यात लाकडी पूल वाहून जातात, म्हणून प्रत्येक वाटेपुढे 'शेवटची खात्री कधी केली' ती तारीख लिहा. तारीख नसलेला नकाशा माणसाला फसवतो.

निवृत्त मित्रांनो, नकाशावाचन आपल्याला सरकारनं सरकारी खर्चानं शिकवलं. आपल्या गावामागच्या डोंगरावर फोन घेऊन चाला, वाट नोंदवा, शेजारच्या गावाच्या वाटेला जोडा. खात्यांनी आपापले तुकडे खुले करावेत, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. पेन्शनीत असलो तरी पाय अजून शाबूत आहेत.