मातोश्रींचे पाणी

राजवाड्यासमोरील मातोश्री अहिल्याबाईंच्या पुतळ्यास आपण भक्तिभावाने हार घालतो. पण १७६७ ते १७९५ त्यांनी दौलत सांभाळली ती महेश्वरी, नर्मदेच्या काठी राहून. काशी विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी पुन्हा उभारले, तशाच वाटसरूंसाठी विहिरी, बारवा नि धर्मशाळाही बांधल्या. तहानलेल्यास पाणी देणे हीही त्यांची पूजाच, असे मी मानतो.

आणि आपण? ३० मार्च २०२३ रोजी, ऐन रामनवमीस, याच शहरात बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळून ३६ माणसे दगावली. पाणी झाकून त्यावर पूजा मांडणे ही मातोश्रींची रीत नव्हे. हार जरूर घालावा. परंतु त्याआधी आपल्या वाड्यातली बुजत चाललेली विहीर उपसावी.