खोगीर त्याचं, गाणंही त्याचं!

‘काउबॉय’ म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो घोड्यावरचा रांगडा, एकटा, मुक्त पुरुष. हे चित्र सिनेमाने घडवलं तितकंच गाण्यांनीही घडवलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या कविता, त्यांना लावलेल्या चाली आणि त्यावर उभा राहिलेला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ संगीताचा धंदा, याकडे आपण बायकांनी कशाला पाहायचं? अशासाठी, की पुरुषाच्या श्रमाची दंतकथा कशी होते आणि बाईच्या श्रमाचं नुसतं ‘घरकाम’ कसं होतं, हे इथे लख्ख दिसतं.

या कवितांचं मूळ कष्टकऱ्यांचं आहे, हे आधीच सांगायला हवं. काउबॉय म्हणजे महिन्याला तीस-चाळीस डॉलरवर दुसऱ्याची गुरं हाकणारा मजूर. त्यांच्यात मेक्सिकन होते; चौघांत एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८८३ साली टेक्ससमध्ये या मजुरांनी पगारासाठी संपही केला. पण तबकड्यांच्या बाजारात संप चालत नाही. तिथे चालतो तो एकटा गोरा वीर.

आणि त्या वीराच्या कवितेत बाई कुठे असते? डी. जे. ओमॅली या काउबॉयची एक कविता १८९३ मध्ये मोंटानातल्या पशुपालकांच्या नियतकालिकात छापून आली. १९२५ मध्ये कार्ल स्प्रेगने ती गाऊन तबकडी काढली आणि ती भरपूर खपली. हंगाम संपला की आईला भेटायला जाणार म्हणणारा तरुण बिथरलेल्या गुरांखाली मरतो. आई दूर घरी, वाट पाहत. तिचं काम तेवढंच.

दुसरं उदाहरण अधिक बोचरं आहे. बॅजर क्लार्कने १९०७ मध्ये सीमेवरच्या एका प्रेमाची कविता लिहिली. बिली सायमनने १९२५ मध्ये तिला चाल लावली. इअन टायसनपासून बॉब डिलनपर्यंत अनेकांनी ती गायली. एक गोरा काउबॉय सोडून आलेल्या मेक्सिकन मुलीची आठवण काढतो. तिला नाव नाही. तिच्या वाट्याला फक्त निरोपाचे गोड शब्द आहेत. ती मेक्सिकन आणि आपण गोरे, तेव्हा पुन्हा भेट नाही तेच बरं, असं तो कवितेत उघड म्हणतो. आजचे अनेक गायक ती ओळ गाळतात किंवा बदलतात. वंशद्वेष गाऊ नये, हे बरोबरच. पण ओळ गेली की वंशाची ती भिंतही दिसेनाशी होते, आणि उरतं एक हळवं प्रेमगीत! कागदावर निदान गुन्ह्याची कबुली होती. गाण्यात तीही नाही.

कुणी म्हणेल, बायका तिथे नव्हत्याच, तर गाण्यात कुठून येणार? हे साफ खोटं आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अविवाहित स्त्रिया आणि विधवांना स्वतःच्या नावावर सरकारी जमीन मागता येत होती. विवाहितेला मात्र सहसा नाही; तिचं कुटुंबप्रमुखपण नवऱ्याकडे! मार्गारेट बोरलँड ही टेक्ससची विधवा १८७३ मध्ये स्वतः गुरांचा तांडा घेऊन कॅन्ससला गेली आणि तिथेच वारली. शार्लट हॉल घरचं रँच सांभाळून कविता लिहीत होती; १९०९ मध्ये ती ॲरिझोना प्रदेशाची अधिकृत इतिहासकार झाली. जॉर्जी सिकिंग (१९२१-२०१६) आयुष्यभर गुरांमागे राबली आणि त्या कामावरच तिने कविता केल्या.

आता ज्या जुन्या कवितांची गाणी घरोघर पोचली, त्यांचे कवी आठवा: ओमॅली, क्लार्क, गेल गार्डनर, कर्ली फ्लेचर. सगळे पुरुष. बाईने गायलेलं पहिलं मोठं गाणं १९३५ चं, पॅट्सी मोंटानाचं. तिने ते स्वतः लिहिलं. त्यातल्या बाईला घोडा दौडवायचा आहे, दोर फेकायला शिकायचं आहे. पण गाण्याचं नावच सांगतं, की तिला ‘काउबॉयची प्रेयसी’ व्हायचंय. घोड्यावर बसायची परवानगीसुद्धा कुणाची तरी म्हणूनच!

‘हे जुनं झालं, आता काय त्याचं?’ जुनं? लोरेटा लिनने १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवर गाणं काढलं, तेव्हा कितीतरी कंट्री रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नाही. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने याच केंद्रांना सांगितलं, की श्रोते टिकवायचे तर बायकांची गाणी कमी करा. पुरुष गायक म्हणजे सॅलडमधला पाला आणि बायका त्यातले टोमॅटो, असा त्याचा दाखला होता.

नेवाडातल्या एल्को गावी १९८५ पासून काउबॉय कवींचा मेळावा भरतो. तिथे बायकाही कविता म्हणतात. टेरेसा जॉर्डनने रँचवरच्या बायकांच्या मुलाखतींचं पुस्तक १९८२ मध्ये आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९९४ मध्ये काढला. म्हणजे शब्द आहेत. नसते, तर गोष्ट वेगळी होती. प्रश्न आहे तो चाल, तबकडी आणि रेडिओ कुणाच्या हातात आहे याचा.

मैत्रिणींनो, पोवाड्याच्या, भारुडाच्या चालीवर आपल्या मागण्या बसवून मोर्चात गाणाऱ्या आपण. चाल म्हणजे नुसती करमणूक नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जे गायलं जातं ते टिकतं. जे वहीत राहतं ते पुढच्या पिढीला ‘नव्हतंच’ म्हणून सांगितलं जातं. कुठल्या शब्दांना चाल मिळणार हे जो ठरवतो, तो इतिहासात कोण राहणार हेही ठरवतो. म्हणून आपलं म्हणणं एवढंच नाही, की काउबॉयच्या गाण्यात बाईला जरा जागा द्या. तिने रचलेलं आहे, ते तिच्या नावानिशी गा!