राखीव रांगांचे रसिकत्व

२२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील मैफलींची तिकिटे विक्रीस निघाली आणि लाखो लोक संगणकावरील रांगेत अडकले. त्यावर पुष्कळ हळहळ झाली. आम्हां सोलापूरकरांना तिचेच नवल वाटले. जी तिकिटे निदान विक्रीस येतात, ती हुकल्याचे दुःख हे सुखवस्तू दुःख होय!

आमच्याकडे नाटक असो वा गाणे, खिडकी उघडण्याआधी दोन तास पहिला माणूस उभा असतो. प्लॅन समोर येतो तेव्हा पुढच्या पाच रांगांवर निळ्या पेन्सिलीची रेघ केव्हाच ओढलेली असते. विचारावे तर उत्तर एकच : ‘निमंत्रित’. हे निमंत्रित तिसऱ्या घंटेला नसतात. पहिला अंक अर्धा झाल्यावर विजेरीच्या उजेडात येतात आणि मध्यंतरातील सत्कार आटोपला की जातात. उरलेले नाटक नट रिकाम्या खुर्च्यांना ऐकवतो. पैसे मोजून आलेला विद्यार्थी बाल्कनीतून त्याचे नुसते हातवारे पाहतो. (त्यालाच आम्ही वर्गात आंगिक आणि वाचिक अभिनयातील भेद शिकवतो.)

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. तेथेही खुर्च्या महागच. पण भारतीय बैठकीत जो आधी येतो तो पुढे बसतो. रांगेला तेथे अर्थ उरतो.

प्रायोजकांविना प्रयोग परवडत नाही, असे आयोजक म्हणतात. मान्य. मग त्या रांगा उघड दराने विका, जाहिरातीत तसे छापा आणि तिसऱ्या घंटेनंतर रिकामी राहिलेली खुर्ची बाल्कनीतल्या माणसाला द्या. पुढच्या खेपेस आम्ही खिडकीवर दर विचारण्याआधी हेच विचारणार आहोत : विकायला रांगा किती?