टीबीच्या जंतूची कात्री

सकाळी दौंडहून पुण्याची गाडी पकडता? किंवा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करून शिरूरला कॉलेज करता? मग भरलेला डबा, एका खोलीत पाचजण आणि कुणाचा तरी न थांबणारा खोकला, हे तुम्हाला नवीन नाही. कुणाला टीबी निघाला की आपण लांब सरकतो. आणि ज्याला निघतो, तो दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतो. पहिलं वागणं वाईट आहेच, पण दुसरं जास्त घातक.

बारावीत प्रोटीएज म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, एवढं लिहून आपण मार्क मिळवले. हीच कात्री टीबीच्या जंतूकडेही असते, हे मात्र पेपरात आलं नाही! आपली पांढरी पेशी या जंतूला गिळते, त्याच्यावर नायट्रिक ऑक्साइडचा मारा करते. तो तग धरतो. नको असलेल्या प्रथिनावर 'पप' नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावायची आणि ते प्रोटिअसोममध्ये कापायचं. भंगारवाल्यासाठी सामान वेगळं काढावं तसं. उंदरांवरच्या प्रयोगात हे यंत्र बंद पाडलं, तेव्हा जंतूला जुनाट संसर्ग टिकवता आला नाही. म्हणजे तुम्हाला बरं वाटतं तेव्हाही तो आत दबा धरून असू शकतो, तो या साफसफाईच्या जोरावर.

आता गंमत बघा. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांत पायराझिनामाइड असतं. ते १९५२ पासून वापरात आहे, पण नेमकं काय करतं यावर कित्येक दशकं वाद होता. अलीकडच्या संशोधनानुसार ते जंतूच्या 'पॅन-डी' या गरजेच्या प्रथिनाला चिकटतं आणि जंतूचीच दुसरी कात्री, 'क्लिप', ते प्रथिन कापून टाकते. घरचाच भेदी! याच औषधामुळे नऊ महिन्यांचा कोर्स सहावर आला. ते सहाही आपल्याला जड जातात, म्हणून औषधाला दाद न देणारे जंतू आपणच पोसतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मेडिकलमधून सिरप आणू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार संपेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. आणि हो, कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड टोळ्या गावी निघतात. त्यांच्यात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, निक्षयवरची नोंद बदलून गावाकडच्या केंद्रातून पुढचे डोस घेता येतात.